पाचोरा जंक्शन आणि जामनेरची छोटी गाडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचोरा–जामनेर या नॅरोगेज मार्गाविषयी जामनेर, शेंदुर्णी, पहूर, पाचोरा आणि पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या खानदेशी मंडळींकडून गेली काही वर्षे सातत्याने प्रश्न येत आहेत. त्यांतले जे पुन्हा पुन्हा आले, ते येथे एकत्र करून उत्तरे दिली आहेत. माझे आजोळ शेंदुर्णीचे असल्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ अभ्यासाचा नाही. तरीही तारखा आणि आकडे लिहिताना आठवणींवर विसंबलेलो नाही.

१. बंद पडलेले जंक्शन म्हणजे नेमके कोणते? पाचोरा स्टेशन तर रोज चालू असते.

पाचोरा स्टेशन चालू आहे आणि मुंबई–भुसावळ या मुख्य मार्गावर असल्यामुळे ते चालूच राहील. बंद झाले ते त्याच्या आतले जंक्शन. मुख्य मार्गाला येऊन मिळणारी जामनेरची छोटी लाइन थांबली, तेव्हा एका गाडीतून उतरून दुसरीत बसण्याचे, माल एका वॅगनमधून दुसऱ्या वॅगनमध्ये चढवण्याचे आणि दोन गाड्यांच्या वेळा जुळवण्याचे जे काम या ठिकाणी शंभर वर्षे चालले होते, ते संपले. फलकावरचा शब्द आणि प्रत्यक्ष काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या पानावर ‘जंक्शन’ हा शब्द दुसऱ्या अर्थाने वापरला आहे.

२. एखाद्या स्टेशनाला जंक्शन केव्हा म्हणतात?

जेथून रेल्वेमार्ग किमान तीन दिशांना जातात, ते जंक्शन. पाचोऱ्याहून एक मार्ग चाळीसगावमार्गे मुंबईकडे, दुसरा जळगावमार्गे भुसावळकडे आणि तिसरा शेंदुर्णीमार्गे जामनेरकडे जात असे. स्टेशन मोठे असणे, तेथे बऱ्याच गाड्या थांबणे किंवा फलाटांची संख्या जास्त असणे यांचा या नावाशी संबंध नाही. नंदुरबार हे जिल्ह्याचे ठिकाण आणि गजबजलेले स्टेशन आहे, पण तेथे फाटा फुटत नाही, म्हणून ते जंक्शन नाही.

३. खानदेशात आणखी कोणती जंक्शने आहेत आणि ती कशी तयार झाली?

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची जीआयपी, १८६० च्या दशकाच्या पूर्वार्धात खानदेशात पोहोचली. मुंबईशी तिचा सलग धागा जुळला तो थळ घाटाचे काम १८६५ मध्ये पूर्ण झाल्यावर. भुसावळहून एक मार्ग नागपूरकडे (१८६७) आणि दुसरा खांडवा–इटारसीच्या दिशेने जबलपूरकडे (१८७०) गेला. त्यातून भुसावळ हे देशातल्या मोठ्या जंक्शनांपैकी एक झाले.

दुसरी फळी १९०० च्या आगेमागे उभी राहिली. सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणामार्गे अमळनेरपर्यंत तापी खोऱ्यातला मार्ग आला, अमळनेर–जळगाव हा दुवा जुळला आणि जळगाव जंक्शन झाले. १९०० मध्येच चाळीसगाव–धुळे फाटा सुरू झाल्यामुळे चाळीसगाव जंक्शन झाले. पाचोरा या रांगेत सर्वांत शेवटी आले आणि या चौघांपैकी एकट्या पाचोऱ्याचाच फाटा बंद पडला.

४. छोटी गाडी कधी सुरू झाली आणि कधी बंद पडली?

पाचोरा–जामनेर मार्ग १९१८–१९ मध्ये टप्प्याटप्प्याने वाहतुकीस खुला झाला. पहिले महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये संपले, म्हणजे हा मार्ग युद्धाच्या शेवटच्या काळात आकाराला आला. मार्च २०२० मध्ये देशभरातील प्रवासी गाड्या थांबवल्या गेल्या, त्यात ही गाडीही थांबली. इतर मार्गांवरच्या गाड्या पुढे हळूहळू सुरू झाल्या, ही मात्र नॅरोगेजवर पुन्हा धावली नाही. निरोपाचा समारंभ झाला नाही, इंजिनाला हार घातला गेला नाही. आपण शेवटच्या गाडीत बसलो होतो हे त्या दिवशीच्या प्रवाशांना ठाऊकच नव्हते. अनेकांच्या पत्रांत हीच खंत आहे आणि मलाही ती आहे.

५. हा मार्ग नेमका कोणत्या गावांवरून जात होता?

पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर. एकूण लांबी ५६ किलोमीटर. पाचोऱ्याहून निघालेली गाडी शेंदुर्णीपर्यंत साधारण पूर्वेकडे जाई आणि तेथून पुढे ईशान्येकडे वळून पहूरमार्गे जामनेर गाठी. हिवरेकाठच्या पाचोऱ्यापासून कांगकाठच्या जामनेरपर्यंतचा हा पट्टा काळ्या, कपाशीच्या जमिनीचा आहे आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर सोबत असतात. वाटेत पहूरजवळ वाघूर नदी भेटते, अजिंठ्याची लेणी जिच्या वळणावर कोरलेली आहेत तीच ही वाघूर.

येथे भाषेविषयीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. पाचोऱ्याच्या बाजूला अहिराणी कानावर पडते, तर जामनेरकडे जावे तशी तावडी सुरू होते. माझी आजी सांगायची, की डोळे मिटून बसले तरी डब्यातल्या बोलण्यावरून कोणते स्टेशन आले ते कळते.

६. मुख्य मार्ग रुंद असताना फाटा अरुंद का बांधला?

पैशासाठी. ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर असते, या मार्गावर ते ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होते. अंतर निम्म्याहून कमी झाले की भराव अरुंद चालतो, पूल हलके चालतात, स्लीपर आखूड लागतात, रूळ कमी वजनाचा पुरतो आणि वळणे अधिक तीव्र घेता येतात. जेथे वाहतूक मुख्यतः कपाशीच्या हंगामापुरती, तेथे रुंद मार्गाचा खर्च निघणार नाही असा हिशेब त्या काळी देशभरातील असंख्य फाट्यांबाबत मांडला गेला आणि त्या क्षणापुरता तो बरोबर होता. बांधताना जो खर्च वाचला, तो पुढची शंभर वर्षे जंक्शनवरच्या हमालीच्या रूपाने थोडा थोडा भरावा लागला. तो कसा, हे प्रश्न ७ मध्ये पाहा.

७. पाचोऱ्याला मालाची अदलाबदल कशी होत असे?

दोन वेगवेगळ्या गेजचे मार्ग जेथे भेटतात, तेथे वॅगन पुढे जाऊ शकत नाही, फक्त माल जाऊ शकतो. त्यासाठी मालधक्क्याच्या एका बाजूला छोट्या लाइनची वॅगन आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या लाइनची वॅगन उभी करतात आणि मधल्या जागेतून माल इकडून तिकडे नेतात. दोन्ही वॅगनच्या तळांची उंची सारखी नसते, त्यामुळे फळ्या टाकाव्या लागतात.

कपाशीच्या बाबतीत हे काम किती जड होते ते समजण्यासाठी तिचा प्रवास पाहावा लागेल. शेतातून निघालेला कापूस बैलगाडीने जिनमध्ये जातो. तेथे सरकी वेगळी होऊन रुई निघते. रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधतात. आजची प्रमाणित गाठ १७० किलोची असते, इंग्रजी काळातली गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे १७८ किलोच्या आसपास होती. अशी गाठ एकट्याने उचलता येत नाही. दोघे-तिघे लोखंडी आकड्यांनी ती आडवी पाडतात, कडेवर उभी करतात आणि लोटत, फिरवत नेतात. माणसाच्या दुपटीहून जास्त वजनाची ती वस्तू फळीच्या मधोमध राहिली पाहिजे, कारण एकदा काठावर कलली की ती सावरता येत नाही. एका बाजूला मोजणी करणारा कारकून आणि दुसऱ्या बाजूला खडूने वॅगनवर खुणा करणारा, असे दोन हिशेब चालत आणि ते जुळले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागे.

धान्याची पोती, भुईमूग, सरकी, गूळ यांनाही हेच लागू होते. प्रत्येक वेळी माल उतरवणे आणि चढवणे म्हणजे मजुरी, वेळ आणि थोडीफार नासधूस. मालाचा एकूण प्रवास जितका छोटा, तितका हा बोजा जास्त जाणवतो. चारशे किलोमीटरच्या प्रवासात एकदा माल बदलणे परवडते, ५६ किलोमीटरसाठी ते परवडेनासे होते. मालमोटार शेताच्या बांधापर्यंत येऊ लागल्यावर या हिशेबाला उत्तर उरले नाही.

८. जामनेरचा डबा थेट मुंबईच्या गाडीला का जोडत नसत? धुळ्याचा तर जोडत असत.

धुळ्याचा फाटा ब्रॉडगेज आहे. त्यामुळे धुळ्याहून आलेले डबे चाळीसगावला मुंबईच्या गाडीला जोडता येत. जामनेरच्या डब्याची चाके मुख्य मार्गाच्या रुळांवर बसूच शकत नव्हती (प्रश्न ६). म्हणून जामनेरचा प्रवासी पाचोऱ्याला उतरे, बोचकी सावरत दुसऱ्या फलाटावर जाई आणि पुढच्या गाडीची वाट पाही.

९. या गाडीला कोणती इंजिने लागत?

आधी वाफेची आणि नंतर डिझेलची. भारतीय रेल्वेत इंजिनाच्या नावातच त्याची ओळख असते. ७६२ मिलिमीटर मार्गासाठी पहिले अक्षर ‘झेड’, ६१० मिलिमीटरसाठी ‘एन’, त्यानंतर डिझेलसाठी ‘डी’ आणि प्रवासी व माल अशा मिश्र कामासाठी ‘एम’. त्यामुळे पाचोरा–जामनेर मार्गावरचे डिझेल इंजिन ‘झेडडीएम’ वर्गातले आणि माथेरानचे ‘एनडीएम’ वर्गातले. माथेरानचे इंजिन पाचोऱ्याला आणून चालवता येईल का, असे एका वाचकाने विचारले होते. उत्तर या अक्षरांतच आहे.

१०. ‘पीजे’ म्हणजे काय?

पाचोरा–जामनेर या दोन नावांची इंग्रजी आद्याक्षरे. पाचोऱ्यात आणि जामनेरात ‘पीजे आली का?’ असेच विचारत. शेंदुर्णीकडे ‘छोटी गाडी’ जास्त ऐकू येई.

११. जामनेरला पुढे रूळ नव्हते. मग गाडी परत कशी फिरे?

गाडी फिरत नसे, इंजिन फिरे. शेवटच्या स्टेशनावर गाडीच्या लाइनला लागून एक मोकळी लाइन असते आणि दोन्ही टोकांना सांधे, म्हणजे एका लाइनवरून दुसरीवर वळवणारे सरकते रूळ, असतात. इंजिन सोडवून पुढे घेतात, सांधे बदलतात, मोकळ्या लाइनवरून ते मागे आणतात आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडतात. जाताना जो डबा शेवटचा, तो येताना पहिला. लहानपणी हे पाहताना मला इंजिनापेक्षा सांधेवाल्याचे अप्रूप जास्त वाटायचे. लोखंडी दांडा अंगाचा भार टाकून ओढायचा, जीभ सरकून रुळाला घट्ट चिकटली का ते वाकून पाहायचे आणि मगच हात वर करायचा. मधे बोटभर फट राहिली तरी इंजिन घसरू शकते, म्हणून ते वाकून पाहणे कधी चुकत नसे.

१२. वरखेडी, भागदरा येथे स्टेशन मास्तर दिसत नसे. मग ती खरी स्टेशने होती का?

प्रवासी चढतो-उतरतो आणि तिकीट आकारले जाते, ते ठिकाण प्रवाशाच्या दृष्टीने स्टेशनच. रेल्वेची विभागणी मात्र गाड्यांच्या नियंत्रणावरून होते. जेथून गाडीला पुढे जाण्याचा अधिकार दिला जातो ती ब्लॉक स्टेशने, आणि जेथे गाडी फक्त प्रवाशांसाठी थांबते ती नॉन-ब्लॉक किंवा ‘डी’ वर्गाची. हॉल्ट या दुसऱ्या प्रकारात येतात आणि अनेक हॉल्टवर कमिशनवर नेमलेला एजंट तिकिटे विकतो. म्हणून जुन्या कागदात एखाद्या गावाचे नाव ‘स्टेशन’ आणि दुसऱ्या कागदात ‘हॉल्ट’ असे आढळले, तर त्यात विसंगती असेलच असे नाही. ठिकाणाचा दर्जा काळानुसार बदलतो.

१३. अजिंठ्याला जाण्यासाठी या गाडीचा उपयोग होत होता का?

पहूर जळगाव–अजिंठा रस्त्यावर आहे आणि तेथून फर्दापूरमार्गे लेण्यांकडे सरळ जाता येते. त्यामुळे या मार्गावरून लेण्यांकडे जाण्यासाठी रस्त्याच्या दृष्टीने सोयीचे ठिकाण पहूर हेच. नकाशावर शेंदुर्णीही लेण्यांच्या जवळ दिसते, परंतु नकाशावरचे सरळ अंतर आणि चालता रस्ता यांत डोंगराचा फरक आहे. आज बहुतेक पर्यटक जळगावला उतरून थेट रस्त्याने जातात.

१४. प्रवासी होते, मग गाडी मागे का पडली?

नकाशा समोर ठेवून एकच हिशेब करावा. जामनेरच्या माणसाचे काम बहुतेक वेळा जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे जळगावला असते. रस्त्याने जामनेर–जळगाव अंतर चाळीसेक किलोमीटर आहे. रेल्वेने जायचे तर आधी पाचोऱ्यापर्यंत ५६ किलोमीटर उलट्या दिशेला जायचे, तेथे गाडी बदलायची आणि पुन्हा जळगावपर्यंत सुमारे ४७ किलोमीटर यायचे. शंभराहून जास्त किलोमीटर आणि मधला खोळंबा. फक्त जामनेर–पाचोरा प्रवासालाच सुमारे दोन तास लागत.

हा मार्ग आखला गेला तेव्हा मालाचे तोंड मुंबईकडे होते आणि मुंबईच्या दिशेने पाचोरा हेच योग्य टोक होते. पुढे एस.टी. आली (राज्यातली पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली), रस्ते झाले आणि माणसांचे तोंड जळगावकडे वळले. मार्ग मात्र जेथे होता तेथेच राहिला. त्यातच देशभरात एकाच गेजचे धोरण १९९२ पासून राबवले जाऊ लागले. त्यामुळे नॅरोगेजचे सुटे भाग, डबे आणि इंजिने यांकडे ‘थोड्या दिवसांचे पाहुणे’ म्हणूनच पाहिले गेले.

असे असूनही गाडी अखेरपर्यंत चालली, याचे कारण तिचे भाडे. शाळा-कॉलेजची मुले, दूध आणि भाजी घेऊन जाणाऱ्या बाया, पाचोऱ्याला दवाखान्यात जाणारे म्हातारे यांना बसचे भाडे आणि गाडीचे तिकीट यांतला फरक महिन्याच्या शेवटी जाणवायचा. तोट्याचे आकडे सांगताना या लोकांचा हिशेब कोणत्याच रकान्यात येत नाही आणि तो यायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते.

१५. चाळीसगाव–धुळे आणि पाचोरा–जामनेर यांची लांबी सारखीच आहे असे वाचले. हे खरे आहे का?

होय, दोन्ही ५६ किलोमीटरच्या आसपास. दोन्ही एकाच मुख्य मार्गावरून फुटतात आणि दोहोंच्या मुळाशी कपाशीचा व्यापार आहे. तरी धुळ्याचा फाटा चालू आहे आणि तेथून मुंबईकडे थेट एक्स्प्रेस सुटते, तर जामनेरचा बंद आहे. गेज हा एक फरक (प्रश्न ८), आणि फाट्याच्या टोकाला जिल्ह्याचे ठिकाण असणे हा दुसरा. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे विभाजन झाले, तेव्हा धुळे पश्चिम खानदेशाचे मुख्यालय झाले. जामनेर तालुक्याचे गाव राहिले.

१६. ‘शकुंतला’ हीच का?

नाही. शकुंतला ही विदर्भातली यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर गाडी. दोन्ही ७६२ मिलिमीटरच्या, दोन्ही कपाशीच्या प्रदेशातल्या, म्हणून गोंधळ होतो. शकुंतलेचा मार्ग स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीच्या मालकीचा राहिला म्हणून ती गाजली. पीजे मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात होती.

१७. जुन्या खानदेश गॅझेटियरमध्ये या मार्गाचा उल्लेख का सापडत नाही?

कारण मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंड १८८० चा आहे. त्यात फक्त मुख्य मार्ग भेटेल. धुळ्याचा फाटा आणि तापी खोऱ्यातला मार्गसुद्धा त्यात नाही, कारण ते झालेच नव्हते (प्रश्न ३). कागदपत्रे शोधताना आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. १९०६ ते १९६० या काळात हा भाग ‘पूर्व खानदेश’ जिल्ह्यात मोडतो, त्यामुळे सूचीत ‘जळगाव जिल्हा’ शोधून काही मिळणार नाही. १९५१ पूर्वी रेल्वेचे नाव जीआयपी असेल, ५ नोव्हेंबर १९५१ नंतर मध्य रेल्वे. आणि जीआयपीचा कारभार १९२५ मध्ये कंपनीकडून सरकारकडे आला, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे दप्तर एकाच ठिकाणी असेल असे गृहीत धरू नये.

स्थानिक पातळीवर गावनकाशा फार उपयोगी पडतो. भूमी अभिलेख कार्यालयातील नकाशावर रेल्वेची पट्टी शेतांच्या गटांना कापत जाताना स्पष्ट दिसते.

१८. आमच्या शेतातून गेलेली रेल्वेची जमीन गाडी बंद झाल्यामुळे परत मिळेल का?

गाडी बंद झाल्याने जमीन आपोआप परत येत नाही. सार्वजनिक कामासाठी संपादित झालेली जमीन रेल्वेच्याच नावावर राहते आणि या मार्गाचे रुंदीकरण व्हायचे आहे (प्रश्न २०), त्यामुळे ती पट्टी मोकळी पडलेली नसून तिची गरज आहे. पट्टीत पेरणी केली किंवा शेड टाकली तर ते अतिक्रमण ठरते. आपल्या गटाची हद्द नेमकी कुठे आहे याबद्दल शंका असेल, तर सातबारा व गावनकाशा घेऊन मोजणी मागवावी. खुंट्या कुणी हलवल्या यावरून शेजाऱ्यांत होणारे तंटे त्यामुळे टळतात.

१९. जुना रूळ, खिळा किंवा फलक आठवण म्हणून घरी नेता येईल का?

नाही. गाडी बंद असली तरी ती रेल्वेची मालमत्ता आहे आणि ती बाळगणे १९६६ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. हौसेने ठेवलेल्या चार खिळ्यांसाठीही चौकशीला सामोरे जावे लागू शकते. फोटो मात्र जरूर काढावा. रुळाच्या उभ्या बाजूवर उठावाची अक्षरे असतात, त्यांत कारखान्याचे नाव, वजन आणि वर्ष मिळते. सकाळच्या तिरप्या उन्हात ती चांगली वाचता येतात, दुपारी ती दिसतही नाहीत.

२०. रुंदीकरण झाल्यावर पाचोरा पुन्हा खरे जंक्शन होईल का?

होईल, आणि पूर्वीपेक्षा वेगळे होईल. नियोजित प्रकल्पात पाचोरा–जामनेर मार्ग ब्रॉडगेज करून तो जामनेरच्या पुढे भुसावळ–नागपूर मार्गाला जोडायचा आहे. एकूण लांबी सुमारे ८४ किलोमीटर. तसे झाले की जामनेर हे शेवटचे स्टेशन राहणार नाही, प्रश्न ११ मधली इंजिन फिरवण्याची कसरत लागणार नाही आणि माल उतरवून चढवण्याचे काम (प्रश्न ७) कायमचे संपेल. दुसऱ्या टोकाला मुख्य मार्गावर आणखी एक जंक्शन तयार होईल.

हे व्हावे असे मनापासून वाटते. त्याबरोबर एक विनंतीही आहे : रुंदीकरणात जुन्या स्टेशनांच्या इमारती पाडण्याआधी त्यांची मोजमापे आणि छायाचित्रे घेऊन ठेवावीत. इमारती लहान आहेत, हे काम फार खर्चाचे नाही.

२१. नवे मार्ग आले की खानदेशात आणखी जंक्शने होतील का?

इंदूर–मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो धुळे जिल्ह्यातून जाणार आहे. धुळे फाट्यावरचे बोरविहीर आणि तापी खोऱ्यातल्या मार्गावरचे नरडाणा यांना जोडणाऱ्या मार्गाचाही त्याच्याशी संबंध आहे. तेथे प्रश्न २ मधली व्याख्या लावून पाहावी, उत्तर आपोआप मिळेल.

२२. माझ्याकडे जुने पुठ्ठ्याचे तिकीट आणि काही फोटो आहेत. ते कसे जपावेत?

पुठ्ठ्याचे तिकीट साधारण ५७ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद असते. ते प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नये, कारण उष्णतेने शाई फिकट होते आणि पुठ्ठा परत सुटा करता येत नाही. आम्लमुक्त कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावे. तिकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. यंत्राने उठवलेली तारीख काठाशी असते आणि नीट न पाहिल्यास सुटून जाते. माझ्याकडे आजोबांचे एक तिकीट आहे. त्यावरची तारीख शाईची नसून नुसत्या दाबाची आहे. बोट फिरवले तर लागते, डोळ्यांना दिसत नाही.

फोटोंच्या मागे पेनाने लिहू नये, मऊ पेन्सिलने लिहावे : स्टेशन कोणते, तोंड जामनेरकडे की पाचोऱ्याकडे, साधारण साल, आणि चौकटीतली माणसे कोण. हे शेवटचे सर्वांत आधी लिहून घ्यावे. स्टेशन आणि इंजिन पुढे कुणीही ओळखू शकेल, पण इंजिनाशेजारी डोक्याला फडके बांधून उभा असलेला गँगमन कोणत्या गावचा, हे सांगू शकणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत.